लाटसाहेबाचे किताब

‘मोठा लाटसाहेब लागून गेलास का?’ हे वाक्य ज्याने लहानपणी ऐकलं नाही असा मराठी माणूस विरळा. जेवलेलं ताट तिथेच सोडून उठलं की आजी हे म्हणायची. हा ‘लाट’ म्हणजे इंग्रजी ‘लॉर्ड’. आपल्या जिभेने त्याचा ‘र’ खाल्ला, ‘ड’चा ‘ट’ केला आणि किताबाची शिवी करून टाकली. मला हा न्याय आवडतो.

पण खरे लॉर्ड कसे होते? किताब म्हणजे नेमकं काय, तो कुणाला मिळे, कशाबद्दल मिळे आणि किती टिके? हे शोधायला एकच माणूस घ्यायचा म्हटला तर मी चार्ल्स कॉर्नवॉलिस घेईन. स्पर्धा परीक्षा देणाऱ्यांना तो ‘कायमधारा’ या एका शब्दापुरता माहीत असतो. अमेरिकेतल्या शाळकरी पोरांना तो हरलेला सेनापती म्हणून माहीत असतो. आयर्लंडमध्ये त्याचं नाव निघतं ते तिथलं पार्लमेंट मोडीत काढणारा म्हणून. माणूस एकच, आणि प्रत्येक देशात त्याची प्रोफाइल वेगळी.

आधी पायऱ्या समजून घेऊ. ब्रिटिश सरदारकीत खालून वर पाच: बॅरन, व्हायकाउंट, अर्ल, मार्क्विस, ड्यूक. किताब राजा देतो, बापाकडून थोरल्या मुलाकडे जातो आणि १९९९ पर्यंत त्यासोबत हाउस ऑफ लॉर्ड्समधली खुर्चीही येत असे. आपल्याकडच्या वतनासारखंच, फक्त इथे भाऊबंदकीला जागा नाही. सगळं थोरल्याला, धाकट्यांनी सैन्यात किंवा चर्चमध्ये जावं.

कॉर्नवॉलिस घराणं इंग्लंडच्या पूर्वेकडच्या सफक परगण्यातलं. ‘बॅरन कॉर्नवॉलिस ऑफ आय’ हा किताब त्यांना १६६१ साली मिळाला होता. आय हे गावाचं नाव. चार्ल्सचा जन्म ३१ डिसेंबर १७३८चा, लंडनमधल्या ग्रोव्हनर चौकातला. तेव्हा त्याचा बाप पाचवा बॅरन होता. १७५३ साली राजाने बापाला बढती दिली: अर्ल कॉर्नवॉलिस आणि सोबत व्हायकाउंट ब्रोम. आता एका माणसाला दोन-तीन किताब कशाला? तर मोठा किताब बाप वापरतो आणि दुसऱ्या नंबरचा थोरल्या मुलाला शिष्टाचार म्हणून वापरायला मिळतो. म्हणजे चौदा वर्षांचा चार्ल्स एका सकाळी उठला तो ‘लॉर्ड ब्रोम’ झालेला होता. कायद्याने तो लॉर्ड नव्हताच. म्हणून तर १७६० साली, एकविसाव्या वर्षी, तो घरच्याच आय मतदारसंघातून सामान्यांच्या सभागृहात निवडून आला. ‘निवडून आला’ हा शब्दही सैल अर्थानेच घ्यायचा. ती जागा घराण्याच्या खिशातली होती.

ईटनच्या शाळेत असताना हॉकी खेळताना एका मुलाची काठी त्याच्या डोळ्याला लागली आणि त्या डोळ्यात कायमचा किंचित तिरकेपणा राहिला. काठी मारणारा मुलगा शूट बॅरिंग्टन पुढे डरहमचा बिशप झाला. वर म्हटलं तसं, धाकट्यांनी चर्चमध्ये जावं.

बाप १७६२ साली वारला. चार्ल्स तेव्हा जर्मनीत सात वर्षांच्या युद्धात लढत होता. आता तो दुसरा अर्ल कॉर्नवॉलिस झाला आणि वरच्या सभागृहात गेला. तिथे त्याने १७६६ साली एक गोष्ट केली जी मला त्याच्या सगळ्या लढायांपेक्षा मोठी वाटते. अमेरिकन वसाहतींसाठी कोणत्याही बाबतीत कायदा करण्याचा अधिकार ब्रिटिश पार्लमेंटला आहे, असं ठणकावणारा कायदा आला. वरच्या सभागृहात त्याच्या विरोधात मोजून पाच लॉर्ड उभे राहिले. त्यांतला एक सत्तावीस वर्षांचा कॉर्नवॉलिस होता.

दहा वर्षांनी हाच माणूस त्याच वसाहतींवर फौज घेऊन गेला. का? राजाने हुकूम दिला म्हणून. बायको जेमायमा जाऊ नको म्हणत होती. तो गेला. ती आजारी पडली तेव्हा परत आला. १७७९ साली ती वारली, आणि तो पुन्हा अमेरिकेला गेला. आता घरात थांबण्यासारखं त्याला काही उरलं नव्हतं. दुसरं लग्न त्याने केलं नाही.

यॉर्कटाउनची हकीकत सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून लांबवत नाही. समोर वॉशिंग्टन आणि फ्रेंच, पाठीमागे समुद्रात फ्रेंच आरमार. १९ ऑक्टोबर १७८१ला सात हजारांहून जास्त सैनिकांसह कॉर्नवॉलिस शरण गेला. शरणागतीच्या समारंभाला मात्र स्वतः गेला नाही. प्रकृती बरी नाही म्हणून दुय्यम अधिकारी ओहारा याला तलवार घेऊन पाठवलं. हे काही शोभण्यासारखं झालं नाही, असंच माझं मत आहे.

पण या शरणागतीत किताबांच्या जगाचा एक झकास नमुना दडलाय. कॉर्नवॉलिसकडे लंडनच्या टॉवरच्या कॉन्स्टेबलचं मानाचं पद होतं. त्याच टॉवरच्या तुरुंगात हेन्री लॉरेन्स नावाचा अमेरिकन पुढारी कैदेत पडला होता. आणि यॉर्कटाउनला शरणागतीच्या अटी ठरवायला अमेरिकेच्या बाजूने जो तरुण कर्नल बसला तो जॉन लॉरेन्स, म्हणजे हेन्रीचाच मुलगा. पुढे कैद्यांची अदलाबदल झाली ती कुणाच्या बदल्यात कोण? कॉर्नवॉलिसच्या बदल्यात हेन्री लॉरेन्स. किल्लेदार सुटावा म्हणून त्याच्याच किल्ल्यातला कैदी सोडावा लागला.

एवढा मोठा पराभव होऊनही अर्लपद जागच्या जागी होतं. किताबाची हीच तर खुबी असते. पगार कापतात, नोकरी जाते, किताब राहतो. शिवाय दोष बराचसा त्याचा वरिष्ठ क्लिंटन याच्यावर गेला. राजाची मर्जीही कायम होती. १७८६ साली त्याला हिंदुस्थानचा गव्हर्नर जनरल म्हणून पाठवायचं ठरलं. आधी तो नाही म्हणत होता. कौन्सिलचं मत डावलण्याचा अधिकार आणि सरसेनापतिपद, दोन्ही हातात मिळतील असं झालं तेव्हा तयार झाला. त्याच वर्षी त्याला ऑर्डर ऑफ द गार्टर मिळाली. इंग्लंडमधला तो सर्वांत मानाचा सरदारी बिल्ला, निळ्या फितीचा.

त्यावर कलकत्त्याहून त्याने आपल्या बारा वर्षांच्या मुलाला पत्र लिहिलं. हा मुलगा म्हणजे आता नवा लॉर्ड ब्रोम. पत्राचा भावार्थ असा: मी हा मान मागितला नव्हता, मला त्याची इच्छाही नव्हती. देशाची नि माणसांची सेवा करून नाव मागे राहावं ही महत्त्वाकांक्षा ठीक आहे. हॅम्पडेन किंवा वुल्फ यांना गार्टर होती की नव्हती, हे आज कोण विचारतं? हे पत्र मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा माणूस आवडून गेला. मग तो हिंदुस्थानात काय करतोय ते वाचलं.

तर काय करत होता? कंपनीचे नोकर तुटपुंज्या पगारावर यायचे, खाजगी धंदा करायचे, लाच खायचे आणि गब्बर होऊन परत जायचे. कॉर्नवॉलिसने पगार भरभक्कम वाढवले आणि खाजगी व्यापार बंद केला. जिल्ह्याच्या कलेक्टरला महिना दीड हजार रुपये आणि वर वसुलीवर कमिशन. भ्रष्टाचारावरचा त्याचा इलाज साधा होता: पोट भर, मग चोरी करणार नाही. हा इलाज त्याने गोऱ्यांपुरताच ठेवला. हिंदुस्थानी माणूस मुळातच भ्रष्ट, त्याला पगार वाढवून काय होणार, असं त्याचं ठाम मत होतं. त्यामुळे वरच्या जागा हिंदी लोकांना बंद झाल्या. गोरा बाप आणि हिंदी आई असलेल्या मुलांनाही कंपनीच्या नोकरीचे दरवाजे १७९१ पासून लागले. जो माणूस अमेरिकनांच्या हक्कासाठी पाचांतला एक होऊन उभा राहिला, त्याला इथे हक्क असू शकणारी माणसं दिसलीच नाहीत. हे त्याच्या दुष्टपणातून आलेलं नाही, आणि म्हणूनच ते मला जास्त बोचतं. आपण प्रामाणिक आहोत याची त्याला पुरेपूर खात्री होती.

आता आपला संबंध येतो. टिपूविरुद्ध कॉर्नवॉलिसने १७९० साली पेशवे आणि निजाम यांच्याशी करार केले. पुण्यात हा करार जमवून आणणारा रेसिडेंट चार्ल्स मॅलेट याला बक्षीस म्हणून पुढच्या वर्षी बॅरोनेट केलं गेलं. बॅरोनेट म्हणजे नावामागे ‘सर’ लागतं, तेही वंशपरंपरेने, पण हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये खुर्ची नाही. मराठ्यांशी दोस्ती करण्याचा भाव इतका होता, असं समजायला हरकत नाही.

मार्च १७९१मध्ये बंगळूर घेऊन कॉर्नवॉलिस मे महिन्यात श्रीरंगपट्टणच्या दाराशी पोचला. लढाईही जिंकला. पण पाऊस सुरू झाला, बैल मेले, धान्य संपलं, सैन्यात रोगराई पसरली. टिपूच्या घोडेस्वारांनी वाटा अडवल्याने मित्रफौजा कुठे आहेत याचा पत्ता नाही. शेवटी त्याने मोठ्या तोफा स्वतःच निकामी केल्या आणि माघार घेतली. यॉर्कटाउनची पुनरावृत्ती जवळजवळ व्हायचीच होती. इतक्यात समोरून घोडदळ येताना दिसलं. आधी वाटलं शत्रूच. निघाले हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन.

मराठ्यांच्या छावणीसोबत नेहमीप्रमाणे अख्खा बाजार होता. इंग्रज लेखकांनी त्या बाजाराची वर्णनं अगदी चकित होऊन केली आहेत: धान्यापासून काश्मिरी शालींपर्यंत आणि विलायती चाकूपर्यंत सगळं विकायला, सराफ पेढी मांडून बसलेले, कातडं कमावणारे कामाला लागलेले. भाव अर्थातच चढे. भुकेलं गिऱ्हाईक समोर असताना आपल्या वाण्यांनी काय करावं अशी अपेक्षा होती? त्या मालात लुटीचा माल भरपूर होता हेही तितकंच खरं. त्याच वर्षी पटवर्धनांच्या सैन्यातल्या स्वारांनी शृंगेरीचा मठ लुटला, आणि मठ सावरायला पैसे पाठवले ते टिपूने. पण कॉर्नवॉलिसची फौज त्या दिवसांत जगली ती या बाजारामुळे. लंडनमध्ये त्याच्या पराक्रमाची जी चित्रं रंगवली गेली त्यांत ज्वारीचं पोतं कुठे दिसत नाही.

पुढच्या फेब्रुवारीत तिघांच्या फौजा पुन्हा श्रीरंगपट्टणला भिडल्या. टिपूने अर्धं राज्य आणि तीन कोटी तीस लाख रुपये द्यायचं कबूल केलं, आणि पैसे फिटेपर्यंत दोन लहान मुलगे ओलीस ठेवले. २६ फेब्रुवारी १७९२ रोजी ही मुलं हत्तीवरून इंग्रज छावणीत आली. कॉर्नवॉलिसने त्यांना जवळ घेतलं, दोघांना एकेक सोन्याचं घड्याळ दिलं. मायाळू बापासारखा तो गव्हर्नर जनरल आणि बावरलेली राजपुत्रं, या प्रसंगाची चित्रं काढायला चित्रकारांची रांग लागली. मुलांना ओलीस घेणारा चित्रात मायाळू दिसतो, ही कला त्या काळीही चांगली अवगत होती. लुटीतला आपला वाटा मात्र त्याने घेतला नाही, सैन्याला सोडून दिला. हेही नोंदवायलाच हवं.

याबद्दल १५ ऑगस्ट १७९२ रोजी तो मार्क्विस कॉर्नवॉलिस झाला. आता फक्त ड्यूकची पायरी वर उरली. आणि गंमत बघा, त्याच उन्हाळ्यात, जून १७९२मध्ये, महादजी शिंदे दिल्लीच्या बादशहाकडून पेशव्यांसाठी वकील-इ-मुतलक हा किताब घेऊन पुण्यात आले. मोठा दरबार भरला, फर्मान स्वीकारायचा सोहळा झाला. नाना फडणीसांना हे सगळं पसंत नव्हतं. छत्रपती असताना पेशव्यांनी बादशहाचे किताब कशाला घ्यायचे, हा त्यामागचा रोकडा प्रश्न होता. बादशहा आंधळा, त्याची सत्ता नावापुरती, तरी त्याच्या शिक्क्याच्या कागदाला पुण्यात किंमत होती. लंडन असो की पुणे, किताबाची नशा सारखीच होती. फरक इतकाच की लंडनच्या कागदामागे आरमार होतं.

पुढच्या मार्चमध्ये, १७९३ साली, कायमधारा आला. बंगाल, बिहार, ओडिशातल्या जमीनदारांना जमिनीचे मालक केलं आणि सरकारला द्यायचा सारा कायमचा ठरवून टाकला. त्याचा सहकारी जॉन शोअर म्हणत होता की आधी दहा वर्षं करून बघू. कॉर्नवॉलिसला ‘कायम’ हाच शब्द हवा होता. तो सफकचा जमीनदार होता. जमिनीची मालकी पिढ्यान्‌पिढ्या पक्की असली की मालक जमीन सुधारतो, हे त्याने घरी पाहिलेलं. त्याने बंगालमध्ये छोटे छोटे कॉर्नवॉलिस पेरायचं ठरवलं. झालं भलतंच. ठरल्या दिवशी सूर्यास्तापर्यंत सारा भरला नाही की जमीनदारी लिलावात. जुनी घराणी बुडाली, कलकत्त्याच्या पैसेवाल्यांनी लिलाव पकडले, आणि नांगर धरणाऱ्या कुळाचा हक्क कागदावर कुठेच उरला नाही.

मला या माणसाच्या आयुष्यात सगळ्यांत जास्त रस आहे तो मात्र आयर्लंडच्या तीन वर्षांत. १७९८ साली तिथे बंड पेटलेलं असताना त्याला व्हाइसरॉय आणि सेनापती म्हणून पाठवलं. बंड मोडलं, मदतीला उतरलेली छोटी फ्रेंच फौजही शरण आली. मग खरं काम पुढे आलं: आयर्लंडचं स्वतंत्र पार्लमेंट रद्द करून ते लंडनमध्ये विलीन करायचं. त्यासाठी आयरिश सभासदांनीच आपल्या सभेच्या मृत्यूला मत द्यायचं होतं. जानेवारी १७९९मध्ये त्यांनी ते दिलं नाही.

मग बाजार मांडला गेला. श्रीरंगपट्टणच्या बाजारापेक्षा हा भारी. ज्यांच्या खिशातले मतदारसंघ रद्द होणार त्यांना प्रत्येकी पंधरा हजार पौंड भरपाई, एकूण बारा लाख साठ हजार पौंड. आणि वर किताब. याला बॅरन, त्याला व्हायकाउंट, अर्ल असलेल्याला मार्क्विस. पेन्शनी आणि नोकऱ्या वेगळ्या. हे सगळे सौदे कॉर्नवॉलिसच्या सहीने. आपल्या मित्राला लिहिलेल्या पत्रांत तो स्वतःचा तिरस्कार वाटतो असं लिहितो. असल्या घाणेरड्या कामात हात घालावा लागतो, यांच्याइतके भ्रष्ट लोक जगात नसतील, पण हे केलं नाही तर साम्राज्य फुटेल, अशी मनाची समजूत काढतो. ‘भ्रष्ट’ हा शब्द त्याने आधी कुणाबद्दल वापरला होता ते आठवतंय ना? इथले भ्रष्ट लोक मात्र त्याच्यासारखेच गोरे, त्याच्यासारखेच जमीनदार होते, आणि त्यांना अधिकारपदावरून काढायचं सोडून तो लॉर्ड करत होता.

१८००मध्ये ठराव पास झाला. आणि आता लंडनचे मंत्री कुरकुरू लागले: एवढे किताब? काहींना देऊ नयेत. तेव्हा कॉर्नवॉलिसने राजीनाम्याची धमकी दिली. मी शब्द दिलाय, तो पाळा. लाच देण्याचं वचनही वचनच, असा हा विलक्षण सज्जनपणा. वचन पाळलं गेलं. पण दुसरं एक वचन होतं, कॅथलिकांना, जे कागदावर नव्हतं: विलीनीकरणानंतर तुम्हाला पार्लमेंटमध्ये बसता येईल. तिसऱ्या जॉर्ज राजाने ते साफ नाकारलं. पंतप्रधान पिटने राजीनामा दिला, मागोमाग कॉर्नवॉलिसनेही. किताबवाल्यांना किताब मिळाले. कॅथलिकांना १८२९ पर्यंत थांबावं लागलं.

आयरिश किताबांची किंमत काय होती ते सांगतो. त्याच सुमारास टिपूचा शेवट करणाऱ्या वेलस्लीला मार्क्विस केलं, पण आयर्लंडच्या यादीतला. वेलस्ली इतका चिडला की त्याने त्या किताबाला सोन्याचा मुलामा दिलेला बटाटा म्हणून हिणवलं.

याच वेलस्लीच्या जागी १८०५ साली कॉर्नवॉलिसला पुन्हा पाठवण्यात आलं. वेलस्लीने शिंदे-भोसल्यांशी युद्ध करून मुलूख घेतला, मग होळकरांशी युद्ध काढलं, आणि कंपनीची तिजोरी रिकामी केली. कॉर्नवॉलिस सहासष्ट वर्षांचा, थकलेला. जुलैअखेर तो कलकत्त्याला उतरला. स्वागताला वेलस्लीने नोकरचाकर, घोडागाड्या, शिपाई यांचा ताफा पाठवला होता. विल्यम हिकीच्या आठवणींत आहे की म्हाताऱ्याने हा लवाजमा पाहून विचारलं, एवढे लोक कशाला, मला चालता येतं. आणि चालत निघाला.

त्याला मराठ्यांशी तह हवा होता. ग्वाल्हेर आणि गोहद शिंद्यांना परत द्यावं, यमुनेपलीकडच्या भानगडी सोडाव्यात, असं त्याने सेनापती लेकला सप्टेंबरमध्ये कळवलं. लेक भडकला. कॉर्नवॉलिस नावेतून गंगेच्या वर निघाला होता, आणि वाटेत गाझीपूरला ५ ऑक्टोबर १८०५ रोजी वारला. त्याच्या जागी आलेल्या बार्लोने तीच रेघ ओढली. नोव्हेंबरात शिंद्यांशी तह झाला, ग्वाल्हेर-गोहद परत मिळाले. डिसेंबरात यशवंतराव होळकरांशी तह झाला. मराठी सत्तेला आणखी बारा वर्षं मिळाली. ती आपण कशी वापरली हा दुःखाचा विषय आहे, तो आज नको.

गाझीपूरला गंगेजवळ त्याची गोल घुमटाची कबर आहे. लोक तिला ‘लाट साहब का मकबरा’ म्हणतात. आतल्या संगमरवरावर फ्लॅक्समन या शिल्पकाराने शोक करणारे हिंदू आणि मुसलमान कोरलेत. मुंबईतही त्याचा पुतळा होता, आजच्या हॉर्निमन सर्कलच्या जागी. जुन्या मुंबईच्या वर्णनांत नोंद आहे की लोक त्या पुतळ्याला फुलं वाहायचे, देव समजून. हल्ली तो भायखळ्याला भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात, इतर उठवून आणलेल्या साहेबांच्या संगतीत आहे. आता फुलं कोणी वाहत नाही.

किताबांचं पुढे असं झालं. लॉर्ड ब्रोम म्हणजे त्याचा मुलगा दुसरा मार्क्विस झाला. त्याला पाच मुली. १८२३ साली तो वारला आणि मार्क्विसपद संपलं, कारण ते मुलींना मिळत नाही. अर्लपद मागे वळून काकाकडे गेलं, तो बिशप होता, तो पुढच्याच वर्षी गेला. त्याचा मुलगा पाचवा अर्ल. तो १८५२ साली मुलगा मागे न ठेवता वारला तेव्हा अर्ल, व्हायकाउंट, बॅरन सगळंच एका दिवसात मिटलं. कायमधारा मात्र त्यानंतर शंभर वर्षं चालू राहिला. स्वतंत्र भारतात बिहारने १९५०च्या आणि पश्चिम बंगालने १९५३च्या कायद्याने जमीनदारी काढली, तेव्हा कुठे तो सुटला.